वर मनोंग, खाली छापखाना : सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनॅशनल हॉटेलचं प्रकरण

फिलिपिन्सच्या उत्तर भागात इलोकानो भाषा बोलतात. तिच्यात थोरल्या भावाला 'मनोंग' म्हणतात. आपण अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला 'दादा' किंवा 'अण्णा' म्हणतो, तसा हा शब्द वापरला जातो. १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी रस्त्यावर ज्यांना मनोंग म्हणत, ती माणसं साठी-सत्तरीची होती आणि त्यांना मनोंग म्हणणारी पोरं विशीतली. वयाच्या हिशेबाने आजोबा म्हणायला हवं होतं. पण यांतल्या बहुतेकांना ना मुलं होती, ना नातवंडं. मधली पिढी जन्मालाच आली नव्हती, आणि यामागे कायद्याचा हात होता. इंटरनॅशनल हॉटेलच्या म्हाताऱ्या भाडेकरूंनी ती इमारत वाचवण्यासाठी दिलेला लढा समजून घ्यायचा तर आधी हे रिकामेपण नीट पाहावं लागतं. कारण त्या इमारतीत जी कला उभी राहिली, तिचं सगळं बळ याच रिकाम्या जागेतून आलं, असं माझं मत आहे.

१८९८ मध्ये फिलिपिन्स स्पेनच्या हातून अमेरिकेच्या हातात गेला. तिथली माणसं अमेरिकेची 'नॅशनल' ठरली, म्हणजे प्रजा झाली पण नागरिक झाली नाही. अमेरिकेत यायला त्यांना आडकाठी नव्हती आणि मजूर तर हवेच होते. १९२० च्या दशकात हजारो तरुण कॅलिफोर्नियात उतरले. स्टॉक्टनला अ‍ॅस्परॅगस, सलिनासला लेट्यूस, डिलेनोला द्राक्षं, उन्हाळ्यात अलास्कातले सामन मासे डबाबंद करण्याचे कारखाने असं हंगामामागे फिरायचं आणि काम संपलं की शहरात एखादी स्वस्त खोली धरायची. सोबत आलेल्या फिलिपिनो स्त्रिया फारच थोड्या होत्या. गोऱ्या मुलींसोबत नाचायला जाणाऱ्या या पोरांवर जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल गावात जमाव चालून गेला. अनेक दिवस दंगल चालली आणि फर्मिन टोबेरा नावाचा बावीस वर्षांचा शेतमजूर गोळी लागून मेला.

लग्नाचं तर कायद्यातच लिहिलेलं होतं. गोऱ्यांशी 'मंगोलियन' वंशाच्या माणसांचं लग्न कॅलिफोर्नियात अवैध होतं. १९३३ मध्ये साल्वादोर रोल्दान या फिलिपिनो तरुणाने न्यायालयात सांगितलं की आम्ही मंगोलियन नाही, मलय आहोत. न्यायालयाला ते पटलं. विधिमंडळाने त्याच वर्षी कायद्यात 'मलय' हा शब्द घालून ती वाट बुजवली. ही बंदी न्यायालयाने मोडली १९४८ मध्ये. मधल्या काळात १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून वर्षाला फक्त ५० माणसांना येण्याची परवानगी उरली. नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, ज्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांनाही तो मिळाला त्याच कायद्याने, दोन्ही देशांना वर्षाला शंभर-शंभर जागा देऊन. तोवर १९२० च्या दशकात आलेला पोरगा चाळिशीत पोचला होता. घर करायची वर्षं निघून गेली होती.

अशी माणसं इंटरनॅशनल हॉटेलात राहत. कर्नी आणि जॅक्सन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची तीन मजली विटांची इमारत, १९०६ च्या भूकंपानंतर १९०७ मध्ये पुन्हा बांधलेली. नाव हॉटेल, पण कामाने ती एकट्या पुरुषांची चाळच होती. आतमध्ये एकेकट्या माणसाच्या लहान खोल्या, मोरी-संडास सामाईक. आजूबाजूच्या दहाएक गल्ल्यांना 'मनिलाटाउन' म्हणत. न्हाव्याची दुकानं, बिलियर्डचे अड्डे, स्वस्त खानावळी, आणि एका अंगाला चायनाटाउन. दुसऱ्या अंगाला फायनान्शियल डिस्ट्रिक्ट होता आणि तो दरवर्षी एकेक गल्ली गिळत पुढे सरकत होता. १९७२ मध्ये पूर्ण झालेला ट्रान्सअमेरिका पिरॅमिड हॉटेलपासून काही गल्ल्यांवर आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी मनिलाटाउनमधून जवळपास हे हॉटेलच तेवढं उरलं होतं.

१९६८ मध्ये मालक कंपनीने ते पाडून बहुमजली वाहनतळ उभारायचं ठरवलं आणि सुमारे दोनशे भाडेकरूंना जागा सोडण्याच्या नोटिसा बजावल्या. भाडेकरू रस्त्यावर उतरले. बोलणी होऊन भाडेकरार व्हायची वेळ आली आणि १६ मार्च १९६९ ला इमारतीला आग लागली. तीन रहिवासी गेले. आग लावली गेल्याचा संशय राहिलेल्यांच्या मनातून कधी गेला नाही. तरी करार झाला. बर्कली विद्यापीठातले आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजचा मोठा संप (आपापल्या समाजांचा इतिहास शिकवला जावा यासाठीचा) नुकताच लढलेले विद्यार्थी हातात रंगाचे डबे आणि हातोड्या घेऊन आले आणि जळलेल्या खोल्या त्यांनी दुरुस्त केल्या. भिंती रंगवता रंगवता त्यांची मनोंगांशी ओळख झाली. त्यांतले कितीतरी फिलिपिनो विद्यार्थी आपल्याच घरच्या वडीलधाऱ्यांसारख्या शेतात राबलेल्या माणसांकडून स्वतःचा इतिहास पहिल्यांदा ऐकत होते. शाळेत तो कुणी शिकवला नव्हता.

तळमजल्यावरची मंडळी

हॉटेलच्या तळमजल्यावर आणि तळघरात दुकानगाळे होते. कम्युनिटी सेंटर, पुस्तकांचं दुकान, कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांच्या कचेऱ्या तिथे आल्या. १९७२ मध्ये जिम डाँग, लोरा जो फू आणि माइक चिन यांनी 'कर्नी स्ट्रीट वर्कशॉप' सुरू केलं. स्थापना करणारे चिनी वंशाचे होते, पण पुढे तिथे फिलिपिनो, जपानी, चिनी अशा सगळ्या कुळांची तरुण मंडळी जमली. परिसरातल्या कुणालाही येऊन शिकता येईल असे वर्ग चालत. स्क्रीन प्रिंटिंग, फोटो, चित्र, पुढे कवितालेखन. जॅक्सन रस्त्याच्या बाजूला त्यांनी एक गॅलरीही उघडली. आज ही अमेरिकेतली सर्वांत जुनी बहुशाखीय आशियाई-अमेरिकी कलासंस्था मानली जाते.

स्क्रीन प्रिंटिंगच का, हे समजून घेण्यासारखं आहे. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक विणीचं कापड, त्यावर जिथून रंग जाऊ द्यायचा नाही तिथे बुजवलेली छिद्रं, आणि रबरी पट्टीने शाई एका दमात ओढून कागदावर उतरवायची. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. यंत्र लागत नाही, वीज फारशी लागत नाही, शिकायला दोन-चार दिवस पुरतात. संध्याकाळी सभेचं ठरलं तर रात्रभरात शेकडो प्रती निघतात आणि सकाळी खांबाखांबावर लागतात. शाईचे थर एकावर एक बसताना रंग थोडे इकडेतिकडे सरकतात, त्यामुळे प्रत्येक प्रत जराशी वेगळी. हाताने केलेलं काम आहे हे लांबूनही कळतं. वर्तमानपत्राची पानं मालकांच्या बाजूने बोलत असताना शहराच्या भिंती या कागदांनी अडवल्या. लेलँड वाँग, नॅन्सी होम यांच्यासारखे कलाकार याच टेबलांवर घडले. वर्कशॉपच्या बाहेरचेही होते. रेचेल रोमेरो आणि लिऑन क्लेमन यांच्या 'सॅन फ्रान्सिस्को पोस्टर ब्रिगेड'ने लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर, कोरलेली काळी जाड रेषेची भित्तिपत्रकं छापली. घोषणा साधी होती : आम्ही हलणार नाही.

त्या भित्तिपत्रकांत जे दिसतं त्याने मला थांबवलं. चळवळीच्या चित्रात नेहमी दिसणारी वळलेली मूठ आहेच, पण तिच्या बरोबरीने, कधी तिच्या जागी, म्हाताऱ्याचा चेहरा येतो. टोपी घातलेला, सुरकुतलेला, समोर बघणारा. घराच्या भिंतीवर वडिलांचा, आजोबांचा फोटो लावतात ना, तसा. ज्यांच्या घरी भिंतच नव्हती आणि भिंतीवर फोटो लावणारी पोरंही नव्हती, त्यांचे फोटो अख्ख्या शहराच्या भिंतींवर लागले. या गोष्टीला मी या प्रकरणातलं सर्वांत मोठं काम मानतो. न्यायालयासमोर प्रश्न फक्त मालमत्तेचा होता : जागा कुणाची, करार कधी संपला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पंचविसावं कलम निवारा हा हक्क मानतं, पण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात भाडेकरूला त्याचा आधार घेता येत नव्हता. वर राहणारा माणूस कोण आहे, तो इथे का एकटा आहे, त्याला एकटं कुणी केलं, हे सांगायला कायद्यात रकानाच नव्हता. भित्तिपत्रकाने तो रकाना काढला.

हे जमलं ते शेजारामुळे. चित्र काढणारा खाली काम करतो आणि ज्याचं चित्र काढायचं तो वरून जिना उतरून येतो, खुर्ची ओढून बसतो, भात खाल्लास का विचारतो. फोटो काढायला बाहेरून आलेला माणूस आणि रोजचा शेजारी यांच्या डोळ्यांत फरक पडतो. क्रिस्टल हुई, बॉब श्यांग यांच्यासारख्यांनी खोल्यांचे, जेवणाचे, बिलियर्डच्या टेबलांचे फोटो काढले ते या ओळखीतून.

या ओळखीचं मूर्तिमंत रूप म्हणजे अल रोब्लेस. १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर भागात जन्मलेला फिलिपिनो-अमेरिकी कवी. तो मनोंगांसोबत जेवला, त्यांच्याबरोबर हिंडला, त्यांना डिलेनोच्या म्हाताऱ्या शेतमजुरांकडे घेऊन गेला. तिथे १९७४ मध्ये स्वयंसेवकांनी बांधलेलं अग्बयानी व्हिलेज हे निवृत्त शेतमजुरांचं वसतिगृह उभं होतं. १९६५ मध्ये लॅरी इटलियाँग या फिलिपिनो कामगार नेत्याच्या पुढाकाराने द्राक्षमळ्यांतला संप याच फिलिपिनो मजुरांनी सुरू केला होता. मेक्सिकन वंशाच्या मजुरांचा नेता सीझर चावेझ याची संघटना नंतर त्यात आली. रोब्लेसच्या कवितांत हे सगळं येतं : मासळी, भात, जुगाराचे अड्डे, भाताच्या खाचरातला 'कॅराबाओ' म्हणजे तिकडचा रेडा, आणि कॅलिफोर्नियातली द्राक्षांची, लेट्यूसची शेतं. मनोंगांच्या तोंडची मोडकी इंग्रजी त्याने सुधारली नाही. तिच्यातच त्याला लय सापडली. कविता वाचायला सभागृह लागत नसे. जिन्यातही वाचायची.

एका हॉटेलातलं दुसरं हॉटेल

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने फिलिपिन्समध्ये मार्शल लॉ पुकारला. अटकसत्र, छळ, माणसं नाहीशी होणं सुरू झालं. अमेरिकेतल्या तरुण फिलिपिनोंनी १९७३ मध्ये केडीपी (लोकशाहीवादी फिलिपिनोंचा संघ) ही संघटना काढली. तिचं काम दुहेरी होतं : तिकडच्या हुकूमशाहीविरुद्ध आणि इकडच्या वंशभेदाविरुद्ध. हॉटेलच्या भाडेकरू संघटनेचा एक प्रमुख नेता एमिल दे गुझमान केडीपीचाच कार्यकर्ता. 'माकिबाका! हुवाग माताकोत!' म्हणजे लढा, घाबरू नका, ही मनिलाच्या रस्त्यांवरची घोषणा कर्नी रस्त्यावरही दिली जाऊ लागली. केडीपीची 'सिनिंग बायान' नावाची नाटकमंडळी होती. एर्मेना विनलुआन तिची दिग्दर्शिका. कलाकार बहुतेक हौशी, दिवसा नोकरी करणारे. शेतमजुरांचा इतिहास, दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावरचं युद्ध, मिशिगनमध्ये रुग्णांना विष दिल्याच्या आरोपावरून दोषी ठरलेल्या आणि पुढे खटला मागे घेतला गेलेल्या दोन फिलिपिनो परिचारिकांचं प्रकरण, असे विषय घेऊन ही मंडळी गावोगावच्या फिलिपिनो वस्त्यांत फिरली. ज्यांना वर्तमानपत्र वाचायची सवड नव्हती त्यांनी आपला खटला रंगमंचावर पाहिला.

या कामाची किंमत खरीखुरी होती. सिॲटलमध्ये डबाबंद मासळी कामगारांच्या संघटनेचे नेते आणि केडीपीचे कार्यकर्ते सिल्मे दोमिंगो आणि जीन वियेर्नेस यांना १ जून १९८१ ला संघटनेच्या कचेरीतच गोळ्या घालून मारलं. १९८९ मध्ये सिॲटलच्या ज्यूरीने या खुनांसाठी मार्कोसला जबाबदार धरलं.

पण सगळं सरळ गोमटं नव्हतं. एकाच इमारतीत निरनिराळ्या डाव्या गटांच्या कचेऱ्या होत्या आणि त्यांचं आपसात पटत नसे. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी पुढे एक योजना आणली : शहराने इमारत विकत घ्यायची आणि भाडेकरूंनी तेरा लाख डॉलर उभे करून ती शहराकडून सोडवून घ्यायची. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांनी एवढे पैसे आणायचे कुठून? या योजनेवरून चळवळीतच वाद पेटले. आणखी एक गोष्ट खटकते. हॉटेलात चिनी म्हातारेही राहत होते, थोड्या स्त्रियाही होत्या. भित्तिपत्रकांतून आणि कवितांतून घडलेल्या गोष्टीत मात्र फिलिपिनो मनोंग पुढे आला आणि बाकीचे मागे राहिले. चित्राला एक चेहरा लागतो हे खरं, पण ज्यांचा चेहरा घेतला नाही त्यांची नोंद त्यामुळे पुसट झाली, हेही तितकंच खरं.

चार ऑगस्ट

१९७३ मध्ये इमारत 'फोर सीज' नावाच्या कंपनीने घेतली. पुन्हा नोटिसा, पुन्हा न्यायालय. निकाल मालकाच्या बाजूने लागत गेले. जानेवारी १९७७ मध्ये हजारो लोक हॉटेलभोवती उभे राहिले. शहराचा शेरीफ, म्हणजे न्यायालयाचे हुकूम अमलात आणणारा अधिकारी, रिचर्ड हाँगिस्टोने जागा खाली करून घ्यायचा हुकूम पाळला नाही आणि न्यायालयाच्या अवमानापायी पाच दिवस तुरुंग भोगला. त्यानंतर तो बधला.

४ ऑगस्ट १९७७. पहाटे तीनच्या सुमाराला तीनशेहून अधिक पोलीस आले, काही घोड्यांवर. हॉटेलभोवती हातात हात गुंफून दोन-तीन हजार माणसं कित्येक रांगांत उभी होती. आत म्हातारे आपापल्या खोल्यांत बसलेले. पोलिसांनी लाठ्या चालवत रांगा फोडल्या, अग्निशमन दलाची शिडी लावून ते छपरावरूनही आत शिरले. खोल्यांची दारं फोडली गेली. हातात घण घेतलेला हाँगिस्टो आजही फोटोत दिसतो, तोच शेरीफ ज्याने सात महिन्यांपूर्वी नकार दिला होता. उजाडेपर्यंत पन्नासेक रहिवाशांना एकेक करून बाहेर आणलं. कुणाचा हात एखाद्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर, कुणाला दोघांनी धरलेलं. ज्यांना बाहेर आणलं त्यांना मनोंग म्हणणारी पोरं त्या रांगांमध्ये रडत होती, आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यात कॅमेरे होते. वर्कशॉपवाल्यांनी सकाळपर्यंत फोटो काढले. मग त्यांनाही जागा सोडावी लागली, कारण तेही त्याच इमारतीचे भाडेकरू होते.

कलेने हॉटेल वाचवलं का? नाही. १९७९ मध्ये इमारत पाडली. जो कुणी सामुदायिक कलेचं यश मोजायला बसेल त्याने हे वाक्य पहिलं लिहावं. पाडल्यानंतर तिथे उरला एक खड्डा, शहराच्या ऐन मध्यावर, कोट्यवधी डॉलरच्या जमिनीवर. आणि तो खड्डा दोन दशकांहून जास्त काळ तसाच राहिला. वाहनतळ झाला नाही, कार्यालयांचा मनोरा झाला नाही. महापौर डायॅन फाइनस्टाइन यांच्या काळात नेमलेल्या नागरिक समितीने गरिबांच्या घरांचा हट्ट सोडला नाही, आणि जो कुणी बांधायला आला त्याला त्या हट्टाशी गाठ घालावी लागली. त्या हट्टामागे काय होतं? ज्या रात्रीचे शेकडो फोटो, भित्तिपत्रकं, कविता, माहितीपट लोकांच्या घरात आणि डोक्यात होते, ती रात्र विसरली जाणं शक्य नव्हतं. खड्ड्याजवळून जाणाऱ्या माणसाला तिथे काय होतं ते ठाऊक असायचं. जमीन विकत घेता आली, पण तिच्यावरची ही नोंद कुणाला पुसता आली नाही.

मधल्या काळात ही चित्रभाषा शहरात दुसरीकडे सरकली. फिलिपिनो कुटुंबं आता मार्केट रस्त्याच्या दक्षिणेला राहत होती, तिथल्या काही गल्ल्यांना फिलिपिनो वीरांची नावं आहेत. लापू-लापू रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांच्या निवासी इमारतीवर १९८४ मध्ये जोहाना पोथिग, विसेंते क्लेमेंते आणि प्रेस्को ताबियोस यांनी एक प्रचंड भित्तिचित्र रंगवलं. मॅगेलन या युरोपी दर्यावर्दीला अडवणाऱ्या लापू-लापू या फिलिपिनो सरदारापासून मळ्यातल्या मजुरांपर्यंतचा इतिहास त्यात आहे. इथे कर्नी रस्त्यावरचे धागे ओळखता येतात : इमारतीत राहणारी माणसं आणि बाहेरच्या भिंतीवरचं चित्र एकाच घरातली. हा सगळा परिसर २०१६ मध्ये 'सोमा पिलिपिनास' या नावाने सांस्कृतिक वारसाक्षेत्र म्हणून जाहीर झाला.

कर्नी आणि जॅक्सनच्या त्याच कोपऱ्यावर ऑगस्ट २००५ मध्ये नवं इंटरनॅशनल हॉटेल उघडलं. १०४ घरं, सगळी कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी. जागांपेक्षा अर्ज कितीतरी पट आले, सोडत काढावी लागली. जुन्या रहिवाशांना पहिला मान ठेवला होता, पण अठ्ठावीस वर्षांत त्यांतले बहुतेक गेले होते. अल रोब्लेसने ते उघडलेलं पाहिलं. तो २००९ मध्ये गेला. कर्नी स्ट्रीट वर्कशॉपचा दस्तऐवज, म्हणजे ती भित्तिपत्रकं, निगेटिव्ह, पत्रकं, आता सांता बार्बराच्या विद्यापीठात जतन केलेला आहे. वर्कशॉप अजून चालू आहे.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मनिलाटाउन सेंटर आहे. प्रदर्शनं, कवितावाचनं, नाटकं तिथे होतात. भिंतीवर मनोंगांचे फोटो आहेत, टोपी घातलेले, समोर बघणारे. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात. पत्ता तोच आहे : ८४८, कर्नी रस्ता.